राक्षसाचे दात

अर्पिताने राक्षसाचा दुसरा सुळाही कानशीने घासून सपाट केला, तरी उत्कर्षचं समाधान झालं नाही.

"आणखी घास. पोरं भ्याली न्हाई पाहिजेत."

लाकडी बाहुल्यांचा तो पिक्चर मुरुम गावात त्यांच्या घरातच, वरच्या खोलीत तयार होत होता. बाहुल्या अर्पिताच्या, कॅमेरा तिच्या नवऱ्याचा, उत्कर्षचा. गोष्ट साधी होती: राक्षस एका मुलीला पिंजऱ्यात कोंडतो. पण उत्कर्षला घरच्या सगळ्यांनी मिळून बघावा असा पिक्चर हवा होता. आधी लाल डोळे गेले, मग दात, मग पिंजऱ्याचं कुलूपही.

"कुलूप नाही, तर मग ती बाहेर का येत नाही?" अर्पिताने विचारलं.

"तिला तिथं बरं वाटतंय, असं दाखवू."

दिवाळीनंतर पुण्याच्या एका बाहुलीनाट्य मंडळीने अर्पिताला कामाला बोलावलं होतं. "पुढच्या वर्षी बघू," तेव्हाही उत्कर्ष असाच, न रागावता म्हणाला होता. नकाराचा फोनही त्यानेच केला होता.

राक्षसाचं गुरगुरणं त्याने काढून टाकलं आणि स्वतःच माइकसमोर बसला. आवाज हळू, मायेचा.

"बाहेर ऊन लई हाय गं. तुला सोसायचं न्हाई. मी हाय ना इथं."

त्या आवाजावर अर्पिताने राक्षसाच्या बाहुलीचा जबडा हलवला. तिचा हात एकदाही चुकला नाही.

रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून भिंतीवर पिक्चर दाखवला. शेजारच्या ईरण्णाच्या पोरी होत्या, गल्लीतली आणखी काही मुलं, आणि कोपऱ्यात अर्पिताच्या सासूबाई, धुरपदाबाई. दात असलेला राक्षस या पोरींनी आधी पाहिला होता. तेव्हा त्या किंचाळल्या होत्या आणि परत लावा म्हणून नाचल्या होत्या. आज राक्षस मायेने बोलू लागला, तशा त्या एकमेकींना चिकटल्या. धाकटी उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

"मला घरी जायचंय."

"अगं, यात भ्यायासारखं काय हाय?" उत्कर्ष हसत म्हणाला. ती रडायलाच लागली, तसा तो पोरांना पोचवायला खाली उतरला.

धुरपदाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या यजमानांच्या शांत स्वभावाचं गावात अजून कौतुक होई. त्यांनी घरात कधी आवाज चढवला नव्हता. लग्न होऊन आल्यावर धुरपदाबाई मात्र मुरुमबाहेर फारशा गेल्याच नव्हत्या.

"पुढं काय बोलतो गं त्यो?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही, आत्या. ती बाहेर पडायला उठते, तिथवरच झालंय."

धुरपदाबाईंनी पदर सारखा केला. भिंतीवरच्या रिकाम्या उजेडाकडे बघत त्या म्हणाल्या,

"म्या सांगते. मला समदं पाठ हाय."