पाणी काय पंपात असतं?

बसा हो पाहुणे, त्या स्टुलावर बसा. तुमच्या पंपाचं सील पार कामातून गेलंय, बदलायला वेळ लागणार. तोवर एक गोष्ट सांगतो. आमच्या घरातलीच आहे, ह्या पडद्यापलीकडची. फक्त मधे "असं कसं होईल?" म्हणू नका. ते विचारून विचारून माझंच डोकं पिकलंय.

बायको माझी हॉस्पिटलच्या लाँड्रीत. चादरींचे गठ्ठे धुवायची. एकदा ओल्या फरशीवर पाय सटकला नि टाळकं थेट मशीनच्या लोखंडी दारावर. टाके घालून घरी आली. बोलणं कमी झालं. चमच्याला "ते... ढवळायचं" म्हणायला लागली. म्हटलं, चालायचं, जीव तर वाचला.

मग एक दिवस बघतो, तर माझी खुणा करायची जाड पेन्सिल घेऊन भिंतीशी बसलेली. चेहरा काढत होती. जिला कधी सरळ रेघ ओढता आली नाही, ती! म्हातारा माणूस, एक कान फाटका, नजर अशी की आत्ता काहीतरी बोलेल. मेव्हण्याला बोलावलं, तर तो बघताक्षणीच ओरडला.

"दाजी, हा आमच्या शाळेचा शिपाई! आम्ही लहान होतो तेव्हाच वारला."

"आठवत असेल तिला."

"एवढं? मी त्याच्या हातचा मार खाल्लाय, तरी मला नाही आठवत! ही दैवी देणगी आहे, दाजी."

"दैवाला द्यायचंच होतं तर सरळ हातात द्यायचं की. टाळकं फोडून कशाला?"

पुढं रोज चेहरे. आणि तेही ओळीनं. आधी शाळेतले, मग माहेरच्या गल्लीतले, मग लग्नातले. लाँड्रीची सवय हो. गठ्ठे रचलेत तसेच वरून उचलायचे. मधलाच ओढला की अख्खा ढीग अंगावर येतो.

हे ध्यानात आलं नि मी हिशेब मांडला. ओळीनं चाललीय म्हणजे आमची पोर येणार.

एक मुलगी झाली होती आम्हाला. तान्हीच होती, तापानं गेली. फोटो नाही. म्हटलं होतं, जरा बाळसं धरू दे, मग काढू. आता मला तिचं नाक आठवतं, तर डोळे आठवत नाहीत.

"अगं, आपली बाळी काढ ना," म्हटलं.

"येईल हो. मधूनच कुठं ओढताय? आधी तुमची आई, मग बाळंतपणातली ती नर्स, मग बाळी."

आई आली. तश्शीच, माझ्यावर डोळे वटारून. मग नर्स सुरू झाली. एक डोळा झाला, गाल झाला, आणि बायकोला फिट आली. पेन्सिलीची रेघ गालावरून पार जमिनीपर्यंत ओढली गेली.

डॉक्टरबाईंनी फोटो काढले डोक्याचे, गोळ्या दिल्या. फिट थांबल्या. चित्रंही थांबली. पेन्सिल धरते, एक गोल काढते, त्यात दोन टिंबं. बालवाडीतल्या पोरासारखं. मग माझ्याकडं बघत बसते.

गेलो तणतणत. "बाई, गोळी बदला."

"दोन बदलून बघितल्या ना काका? फिट आणि चित्रं, दोन्ही त्याच जखमेतून येत होतं. मेंदूचा एक भाग दुखावला, त्याचा वचक गेला, दुसरा मोकाट सुटला. सगळा खेळ मेंदूचाच."

"नाही पटत. पंप बंद केला की नळाचं पाणी थांबतं. म्हणून पाणी काय पंपात असतं? पाणी विहिरीत असतं."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग विहीर दाखवा, काका. मी रोज मेंदूच बघते. त्यापलीकडं मला अजून काही दिसलेलं नाही. पण गोळी चुकवू नका. पुढची फिट जिवावर बेतेल."

काय दाखवणार होतो? कपाळ? सारा रस्ता स्वतःशीच भांडत आलो. पोर मेंदूत असेल, तर रोज गोळी देऊन झाकण मीच लावतोय. विहिरीत असेल, तर पंप मीच बंद ठेवतोय. बाई खऱ्या की मेव्हणा खरा, मला काय करायचंय? नळ तर कोरडाच.

काल गोळी द्यायला गेलो, तर तोंड मिटून बसली.

"अहो, थोडे दिवस नको ना. तिच्यापुरतंच."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"मग तुमच्याजवळ ती राहील की."

संतापलो. हनुवटी धरली, वासराला औषध पाजतात तशी गोळी कोंबली. गिळली तिनं. गिळून म्हणाली, "नर्सच्या हातातच आहे ती. थोडंच खाली."

आता भिंतीपुढं उभा राहतो, तर त्या अर्ध्या नर्सच्या खाली नुसता चुना.

हं, बसलं तुमचं सील. आता एक काम करा माझं. ही गोळी घ्या, हा पाण्याचा पेला. आत जा. परक्या माणसाला ती नाही म्हणत नाही. आजच्या दिवस तुम्ही द्या. माझा हात उठत नाही.