पिवळा ठिपका

"ही पण परत," ऑरिन म्हणाला.

मी मक्याच्या पावाचा गरम पत्रा हातात धरून उभी होते, कारण तो ठेवायला टेबलावर जागा नव्हती. ऑरिनने चिमट्यात धरलेली रायफलीची बारीक स्प्रिंग खिडकीच्या उजेडात एकदा फिरवून पाहिली, पाकिटात घातली आणि पाकिटाला लाल फीत बांधली. लाल फीत म्हणजे नापास. आमच्या घरात तेव्हा लाल फितीचं रीळ दुधाच्या डब्यापेक्षा लवकर संपत होतं.

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही रायफल दोन वर्षं पसरलेली होती. रायफल म्हणणंसुद्धा धाडसाचंच. एक नळी होती, एक दस्ता होता, बाकी पाकिटं, भिंगं, मापं घ्यायची गेज आणि तेलाच्या चिंध्या. आम्ही दोघं ताटल्या मांडीवर घेऊन जेवत होतो. टपाल आणणारी बर्निस फाटकाशी गाडी थांबवून रोज विचारायची, आज नवऱ्याने काय नाकारलं म्हणून. मी तिला सांगायचे, लग्नाच्या वेळी ह्याच्याकडे मायक्रोमीटर नव्हता ते बरं, नाहीतर मलाही लाल फीत बांधून माहेरी पाठवलं असतं. ती हसायची. मीही हसायचे, पण घरात आले की मला टेबलावरचं सगळं एका झाडूने खाली लोटावंसं वाटायचं.

कारण ही रायफल त्याच्या हौसेसाठी नव्हती. लीटासाठी होती. लीटा आमची एकुलती एक मुलगी, नवरा सोडून गेल्यापासून चाळीस मैलांवर एकटीच मेंढ्या पाळते. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की कोयोटी, इथले लांडग्याच्या जातीचे रानकुत्रे, उतरतात, आणि ते एकेकटे येत नाहीत. तिच्याकडच्या जुन्या बंदुकीत एकावेळी एकच गोळी बसते. दुसरी भरेपर्यंत बाकीचे कोकरू घेऊन टेकडीपार. दोन वर्षांपूर्वी तिने सहज म्हटलं की दुकानातून एक चांगली रायफल घ्यावी म्हणते, तेव्हा ऑरिनने हातातला काटा खाली ठेवून सांगितलं, "दुकानातली नको. मी करून देतो. त्यातला प्रत्येक तुकडा माझ्या डोळ्याखालून गेलेला असेल."

इथे वायोमिंगमध्ये घरी रायफल जोडणं काही नवलाचं नाही. आमच्या रस्त्यावर तीन घरांत होतं ते. लोक शनिवारी सुरू करतात, रविवारी चर्चहून आल्यावर संपवतात. ऑरिनचे दोन वसंत गेले. पहिल्या वसंतात लीटाची एकवीस कोकरं गेली, दुसऱ्यात चौतीस. शेजारचा हॅंक ओल्सन सगळा कळप विकत घ्यायला टपलेला. ह्याही वर्षी तसंच झालं तर मे महिन्यात देऊन टाकते, असं लीटा मला फोनवर म्हणाली. वडिलांना सांगू नकोस, असंही म्हणाली. मी सांगितलं. ऑरिन ऐकून उठला, त्याने अंगणात जाऊन फाटकापर्यंत चार फेऱ्या मारल्या आणि परत येऊन तीच स्प्रिंग पुन्हा मोजायला बसला.

असा नव्हता तो. पंपांच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं तपासनीस होता, टेबल नंबर सतरा. पास मालावर पिवळ्या रंगाचा ठिपका आणि शेजारी आपला नंबर, नापासावर लाल फीत. हात झरझर चालायचा त्याचा. मग एका शुक्रवारी, पाळी संपताना, पंपांची चाळीस झाकणं आली. बाहेर ट्रक उभा, मुकादम डोक्यावर उभा, आणि मला आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सिनेमाला न्यायचं होतं. ऑरिनने चाळीसही झाकणांवर न मोजता ठिपके दिले. वर्षभराने नेब्रास्कात एका शेतावर पंप फुटला. एका मजुराचा डोळा गेला. वकिलांच्या कागदांबरोबर एक फोटो आला होता. त्यात तुटक्या झाकणावर पिवळा ठिपका आणि सतरा आकडा अगदी स्पष्ट दिसत होता. कंपनीने मिटवलं. ऑरिनला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला जड गेलं असं मला वाटतं. हे त्याने फक्त मला सांगितलं होतं.

कारखाना बंद झाल्यावर त्याने त्या पिवळ्या रंगाची बाटली घरी आणली. ती फडताळात मिठाच्या मागे होती. त्या बाटलीचं झाकण पुन्हा कधी उघडलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी लीटाचा ट्रक आला. मेंढ्या व्यायला सहा दिवस होते. वारा असा की तिला दार दोन्ही हातांनी ओढून लावावं लागलं, आणि तिच्या खांद्यावर एक लांब पिशवी होती. ती बघूनच मी ऑरिनकडे पाहिलं.

"डॅडी, रागावू नकोस," ती म्हणाली. "मी रायफल जोडलीय."

जानेवारीभर रोज थोडी थोडी, इस्त्रीच्या फळीवर. मला वाटलं ऑरिन उठून बाहेर जाणार, नेहमीसारखा फेऱ्या मारायला. त्याऐवजी तो टेबल आवरायला लागला. पाकिटं, गेज, चिंध्या, सगळं एका खोक्यात. दोन वर्षांत मी पहिल्यांदा त्या टेबलाचं लाकूड पाहिलं. त्यावर त्याने स्वच्छ टॉवेल पसरला आणि हात पुढे केला.

त्याने ती पूर्ण सुटी केली. लीटा खुर्चीच्या कडेवर बसून नखं कुरतडत होती, चाळीस वर्षांची बाई. मी कॉफी केली, कोणी प्यायली नाही. मी ओटा पुसला, मग पुन्हा पुसला. तो नळीतून खिडकीकडे बघत राहिला, इतका वेळ की मला ओरडावंसं वाटलं.

"नळी कुठली?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. "बरी निवडलीस."

बरी हा शब्द त्याच्या तोंडून दोन वर्षांत आला नव्हता. लीटाचा चेहरा उजळला. ती भराभर सांगायला लागली, की दस्ता साधाच घेतला, दुर्बीणही साधी, वरच्या शोभेत पैसे घातले नाहीत. लोक बाहेरून दिसतं तिथे खर्च करतात आणि आत भंगार भरतात, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. चाप त्याने दहा वेळा ओढून पाहिला आणि मान हलवली. मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारी खीळ, हातात घेतला. गोळी सुटते तेव्हा सगळा दाब ह्या अंगठ्याएवढ्या तुकड्यावर येतो, आणि मारणाऱ्याचा डोळा त्यापासून वीतभरच दूर असतो. त्याने भिंग लावलं. फिरवला. पुन्हा तिथेच आला. मग भिंग लीटाच्या हातात दिलं.

बोल्टच्या टोकाला पकडीचे दात असतात, त्यातल्या एकाच्या मुळाशी केसाएवढी रेघ होती. मलाही दिसली, दाखवल्यावर.

"पण त्यावर शिक्का आहे," लीटा म्हणाली. "तपासल्याचा. बघ ना. तो बघूनच घेतला मी."

तिचंही चुकलं नव्हतं. तपासनिसाची मुलगी ती. ह्या घरात ठिपका असला म्हणजे विषय संपला, हेच बघत मोठी झाली.

"शिक्का मारायला काय लागतं," ऑरिन म्हणाला. "मीही मारलेत."

आणि त्याने तिला सांगितलं. शुक्रवार, ट्रक, चाळीस झाकणं, नेब्रास्कातला माणूस. सिनेमाचं तेवढं सांगितलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. सांगून झाल्यावर लीटाने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि काढून घेतला, कारण आमच्याकडे असल्या गोष्टी फार वेळ करत नाहीत.

"म्हणून दोन वर्षं?" तिने विचारलं.

"म्हणून."

नवा बोल्ट मागवला तर दोन आठवडे. तेवढ्यात निम्मी कोकरं जमिनीवर आलेली असणार. लीटा म्हणाली, जुनीच बंदूक घेऊन बसते, त्यात काय. असं म्हणताना ती मेंढ्यांचा नाही, हॅंक ओल्सनचा विचार करत होती, हे मला कळत होतं. मला राहवलं नाही. मी फडताळातून कॉफीचा जुना डबा काढला आणि ऑरिनसमोर ठेवला, जरा आपटूनच.

त्या डब्यात तेलाच्या कापडात गुंडाळलेला एक बोल्ट होता. चौथा. पहिले तीन परत गेले होते. हा परत गेला नव्हता आणि पासही झाला नव्हता. दर शनिवारी तो काढून मोजायचा आणि ठेवून द्यायचा. एकदा मी विचारलं होतं की ह्यात वाईट काय आहे. काही सापडत नाही, म्हणाला, तीच तर पंचाईत.

त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. मीही पाहिलं. "वर्षभर मोजतोयस," मी म्हटलं. "आता कोणी ट्रक घेऊन उभं नाही. मी पण कुठे सिनेमाला चाललेली नाही."

त्याने बोल्ट गुंडाळीतून काढला आणि पुन्हा मोजला. सगळ्या बाजूंनी, मायक्रोमीटरचा आकडा ओठातल्या ओठात म्हणत. मग लीटाच्या रायफलीत, तीही त्याच बनावटीची होती, बसवला, गेज घालून पाहिलं, काढलं, परत घालून पाहिलं. बाहेर वाऱ्याने अंगणातली बादली गडगडत नेली. कोणी उठलं नाही.

"व्हर्ना," तो म्हणाला. "मिठाच्या मागे बघ."

बाटलीतला रंग वर घट्ट झाला होता. त्याने काडीने ढवळला, ब्रश नव्हता म्हणून आगपेटीची काडी बुडवली. बोल्टवर ठिपका थोडा तिरका पडला, सूर्यफुलाच्या पाकळीसारखा एका बाजूला ओढलेला. शेजारी आकडा त्याने घातला नाही. मग उठला आणि कोट चढवला.

"पहिल्या वीस गोळ्या मी मारणार," तो लीटाला म्हणाला. "मी सांगेपर्यंत माझ्या मागे उभं राहायचंस. गाडीच्या मागे."

ती काहीतरी म्हणणार होती, पण त्याचा चेहरा बघून तिने गाडीची किल्ली उचलली. दोघं तिची गाडी घेऊन घरामागच्या खडीच्या खाणीकडे गेले. मी गेले नाही. मी स्वयंपाकघरात टेबल धरून उभी राहिले. त्याचे दोन्ही डोळे निळे आहेत, उजवा जरा फिकट. मला त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिला आवाज आला. मग काहीच नाही, फार वेळ. मग दुसरा. ऑरिनची गोळी मारायची पद्धत मला पाठ आहे. एक मारतो, बंदूक खाली करतो, बघतो, विचार करतो. वीस गोळ्यांना त्याने अर्धा तास लावला असेल. विसाव्यानंतर पुन्हा शांतता झाली, आणि मी दाराशी जाऊन कान लावला. मग तीन बार लागोपाठ आले, झटपट, अधीर. तो हात लीटाचा होता.

मी टेबल पुसलं. तीन ताटल्या मांडल्या, टेबलावर, खुर्च्या ओढून. ते आत आले तेव्हा दोघांचीही नाकं लाल झाली होती. लीटा लगेच निघायची म्हणत होती, कळपाकडे कोणी नव्हतं, पण जेवायला बसली. ऑरिन आपल्या जुन्या खुर्चीवर बसला आणि टेबलावर हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी त्याने पाव मोडला. त्याच्या तर्जनीला पिवळा रंग लागला होता. जेवणाआधी हात धुतल्याशिवाय मी कोणाला बसू देत नाही, पण त्या दिवशी मी काही म्हटलं नाही.