बुजवलेल्या भेगा

दिल्लीत द्वारकेतल्या त्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी झिरपू लागलं आणि त्या पाण्यात बुडबुडे दिसायला लागले, तेव्हा सेक्रेटरी परीक्षितने सरळ दुसरा मजला गाठला. तिथे वाल्मीक मेश्राम आपल्या मुलीकडे, मैत्रीकडे राहत. मूळचे भंडाऱ्याचे, सरकारी भूगर्भ खात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर चार वर्षांत कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यांनी टॉर्च मारून फरशी पाहिली आणि पाच मिनिटांत सांगितलं, "दरारें भरवा लीजिए."

भेगांमध्ये सिमेंट दाबून भरलं. आठवड्यात बेसमेंट कोरडं. लिफ्टमध्ये लोक त्यांना नमस्कार करू लागले.

तीन आठवड्यांनी तळमजल्यावरच्या कमलाबाई वर आल्या. लातूरच्या, केंद्राच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. "मेश्राम साहेब, बाथरूममागच्या भिंतीपाशी कुजलेल्या चिखलासारखा वास येतोय. प्लंबर म्हणतो, ड्रेन बिल्कुल ठीक आहे."

वाल्मीकांनी जुन्या सहकाऱ्याकडून, अंशुमनकडून, गॅस मोजायचं यंत्र मागवलं आणि दुसऱ्या सकाळी खाली गेले. फरशी भिंतीला मिळते त्या रेषेवर यंत्र धरलं, तसा आकडा चढत गेला.

"ताई, शेगडी पेटवू नका. लाइटचं बटणही नको. खिडक्या उघडा नि माझ्याबरोबर बाहेर चला."

"अहो, कुकर लावायचाच होता मी आत्ता."

"राहू द्या."

त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला. तळमजल्यावरची चारही घरं तासाभरात रिकामी झाली. कमलाबाई मेश्रामांकडे राहायला आल्या.

संध्याकाळी मैत्रीने विचारलं, "बाबा, भेगा तर भरल्या ना? मग गॅस आला कुठून?"

"खालून. इथे पूर्वी गावाचं तळं होतं. आज जुना नकाशा काढून पाहिला. कचरा नि माती टाकून ते बुजवलं, आणि तो कचरा अजून कुजतोय. त्याच्यावर चिकणमातीचा थर आहे. अखंड असेल तर ती गॅसला सहजी वर येऊ देत नाही. पण वाळली, खचली की तडकते. भेगा एकमेकींना मिळाल्या की पाण्यालाही वाट होते आणि गॅसलाही. एक वाट आपण बंद केली, तर तो शेजारच्या भेगांमधून वर आला."

"आपण?"

"मी," वाल्मीक म्हणाले. "नकाशा तेव्हाच बघायला हवा होता. कुणीतरी विचारलं, याचंच बरं वाटलं मला."

रविवारी मीटिंगमध्ये परीक्षित म्हणाला, "अंकल जी, आपने ही तो कहा था."

"हाँ, मैंने ही कहा था. गलत कहा था. इस बार सिर्फ मेरी मत सुनिए, किसी और को भी बुलाइए."

बाहेरून इंजिनिअर आला, त्याने दोन दिवस तपासणी केली. चिकणमातीच्या खालपर्यंत जाळीचे तीन पाइप उतरवले आणि त्यांची तोंडं गच्चीच्याही वर नेली. गॅसला बाहेर पडायला सरळ रस्ता मिळाला.

त्या दिवसांत एकदा मेथी निवडताना कमलाबाईंनी विचारलं, "साहेब, मी वर आले नसते तर?"

वाल्मीकांनी एक जुडी आपल्याकडे ओढली. कमलाबाई मेथीची पानं खुडत राहिल्या.

पाइप बसल्यावर दोन आठवडे यंत्रात काहीच दिसलं नाही. वाल्मीक स्वतः कमलाबाईंची बॅग घेऊन खाली गेले. दारात त्या थांबल्या.

"आता पक्कं ना?"

"आजचं पक्कं आहे ताई. पुढचं दर आठवड्याला मोजून सांगेन."

कमलाबाईंनी दार उघडलं. "हे बरं झालं. त्या दिवशी बेसमेंटमध्ये मीही उभी होते. तुम्ही फार पटकन सांगितलं होतंत."

"हो," वाल्मीक म्हणाले आणि बॅग आत ठेवली.