अर्धा आटा

बाईंनी मिस्त्रीला पाठमोरं उभं केलं आणि निळ्या एप्रनच्या नाड्या त्याच्या कमरेमागे बांधल्या. गाठ घट्ट, पहिलीतल्या पोराची बांधावी तशी. निवृत्त मुख्याध्यापिका त्या. समोर आलेल्या माणसाला आधी सरळ उभं करायचं, ही सवय अजून गेली नव्हती.

ऐकून मात्र सगळं घेतलं होतं त्यांनी. मिस्त्री बोलायलाच आला होता. बायकोने घोटून घेतलेलं बोलणं होतं: रस्त्यापलीकडे माझं दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. तुमचं दुरुस्ती मंडळ दर रविवारी या हॉलमध्ये सगळं फुकट करून देतं, तेव्हापासून माझी पायरी कुणी चढत नाही. किरकोळ कामं तुम्ही करा, मोठी तेवढी माझ्याकडे पाठवा. बाईंनी मान कलती करून शेवटपर्यंत ऐकलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं, आणि म्हणाल्या,

"तुमच्यासारख्या माणसाची किती वाट बघत होतो आम्ही!"

मग एप्रन.

*

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"घेतलं."

"काय घेतलं? मनावर घेतलं?"

"मला घेतलं. मंडळात."

बायकोने हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं. काच पुसून पुसून आरशासारखी झाली होती. दुसरं काम नव्हतं.

"लोक ताकाला जातात आणि भांडं लपवतात," ती म्हणाली. "तुम्ही भांडंच देऊन आलात."

"ओळखी होतील, असं म्हणाल्या त्या."

"अहो, याच रस्त्यावर जन्म गेला आपला. आणखी कुणाची ओळख व्हायची राहिलीय?"

संध्याकाळी दोघांनी मिळून शटर ओढलं. ते मध्येच अडकायचं. एकाने दांडी धरून ओढायचं, दुसऱ्याने खालच्या कोपऱ्यावर लाथ घालायची. साऱ्या वस्तीच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याचं शटर. दिव्याखाली अंधार.

*

*स्वयंसेवेने मन प्रसन्न राहते.*

हॉलच्या भिंतीवर हा तक्ता होता, मिस्त्रीच्या स्टुलाच्या बरोबर समोर. डावीकडे खिडकी, खिडकीतून पलीकडे स्वतःचं दुकान. रविवारी तिथे बायको बसायची, चुकून कुणी आलं तर म्हणून.

आणि तक्ता खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. हॉलशेजारच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दुकानात यायच्या तेव्हा इस्त्री काउंटरवर आपटून म्हणायच्या, "नुसती वायर जोडायला एवढे? आणि आतलं चांगलं काढून घेऊ नका हो मिस्त्री, माझं लक्ष आहे." त्याच वहिनींनी इथे स्वतःच्या हाताने त्याच्यासमोर चहा ठेवला.

"भाऊ, जादू आहे हो तुमच्या हातात! आम्हाला मेलं माहीतच नव्हतं."

हात तेच होते. स्क्रू-ड्रायव्हरही तोच, वडिलांच्या वेळचा. मध्ये फक्त एक रस्ता. मिस्त्रीने चहा घेतला. दुकानात गिऱ्हाईक गेल्यावर घशाशी काहीतरी आंबट यायचं, ते इथे येत नव्हतं. रांगेतली माणसं त्याच्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघत होती. पंखा फिरला की टाळ्या. कुणी त्याला चोर समजत नव्हतं, कारण फुकट काम करणारा चोरून चोरणार काय?

*झोप शांत लागते.*

तीही लागायला लागली. बायको शेजारी जागी असायची.

"आज गुणगुणत होतात," एका रविवारी सकाळी ती म्हणाली.

"मी?"

"दाढी करताना. दुकानावर जायच्या दिवशी कधी ऐकलं नव्हतं." मग जरा थांबून, "जागामालक येऊन गेले. दुकान ठेवणार की सोडणार, महिनाअखेरपर्यंत सांगा म्हणाले. मी म्हटलं, ठेवणार."

"ठेवणारच."

"कशावर?"

त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि बराच वेळ ढवळत बसला.

*

*समाज जवळ ये*

इथे तक्त्याचा कोपरा फाटला होता.

वहिनींचा मिक्सर. मिस्त्रीने तो पालथा घातला, बूड काढलं. आतल्या मोटरचे कार्बन झिजले होते. मंडळाच्या डब्यातून त्याने नवे काढून बसवले. कार्बन धरणाऱ्या टोपीचा स्क्रू आवळला. पक्का आवळला.

वडील म्हणायचे, दुरुस्त केलेली वस्तू परत आली तर ती वस्तू नव्हे, थोबाडीत समजावी. उभ्या आयुष्यात मिस्त्रीने ती खाल्ली नव्हती.

त्याने खिडकीतून पाहिलं. बायको काउंटरमागे बसून रस्त्याकडे बघत होती. रस्त्यावरचे सगळे हॉलकडे येत होते.

स्क्रू-ड्रायव्हर अजून खाचेतच होता. मनगट उलटं फिरलं. थोडंच. अर्धा आटा.

त्याने बूड लावलं, बटण दाबलं. मिक्सर गरगरला. चार दिवस गरगरेल, मग थरथरून टोपी सैल होईल आणि गप्प बसेल. शॉक नाही, धूर नाही, कुणाला इजा नाही. रविवारपर्यंत कोण थांबतंय? स्वयंपाकघर थांबत नाही.

"देव भलं करो भाऊ तुमचं," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी त्याने चहा अर्धा टाकला.

*

गुरुवारी वहिनी दुकानाकडे आल्या. पलीकडच्या फुटपाथवरूनच दिसल्या. हातात जड पिशवी, पिशवीतून वायर लोंबत होती. मिस्त्री स्टुलावर ताठ बसला. बायकोनेही पाहिलं. तिने पटकन बाकावरचे जुने पेपर उचलले, काउंटरवरचा दिवा लावला, पदर सारखा केला. किती दिवसांनी तो दिवा लागला होता.

"या वहिनी," ती म्हणाली. "बसा ना."

"बसत नाही गं. बाजारातून येत होते, म्हटलं भाऊंना सांगून जावं. बघा ना, परत बंद पडला मेला. त्या कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात दाखवायला नेला होता, पण तो तोंडाला येईल ते मागतो."

"द्या इकडे," मिस्त्रीने हात पुढे केला. "पाच मिनिटांत..."

"छे छे!" वहिनींनी पिशवी छातीशी धरली. "ही तुमची धंद्याची वेळ. आपण असं माणसाच्या पोटावर पाय द्यावा का? रविवारी आणते की. तोवर काय, पाट्यावर वाटेन."

"वहिनी, दुकानातच..."

"तुम्ही काही बोलू नका. भिडेखातर हो म्हणाल, माहीत आहे मला तुमचा स्वभाव." त्या वळल्या आणि पायरी उतरता उतरता बायकोला म्हणाल्या, "सोनं आहे गं तुझा नवरा. जप."

रस्ता ओलांडेपर्यंत लोंबणारी वायर दिसत राहिली.

बायकोने दिवा मालवला.

"गेल्याच रविवारी केला होतात ना तो?"

"हं."

"तुमच्या हातचं काम परत आलं?"

मिस्त्री खोक्यात कुठला तरी स्क्रू शोधू लागला. खोक्यात सगळेच स्क्रू होते. बायको त्याच्या मनगटाकडे बघत होती. मग तिने बघायचं सोडलं.

"जागामालकांना मी कळवते," ती म्हणाली. "तुम्ही नका जाऊ."

*

रविवारी रांगेत पहिल्या वहिनीच. मिस्त्रीने बूड काढलं, टोपी जागेवर बसवली, स्क्रू आवळला. पुरा. मग आणखी एकदा, खाच झिजेल इतका.

"आता नाही येणार परत," तो म्हणाला.

"आला तरी तुम्ही आहातच की," वहिनींनी हात जोडले.

खिडकीबाहेर दुकानाची पाटी उतरलेली होती. आतलं सामान एका टेम्पोत चढलं होतं. बायको एकटीच शटरची दांडी धरून ओढत होती, आणि शटर नेहमीसारखं मध्येच अडकलं होतं. तिने पाय उचलला, लाथ घातली, पुन्हा दांडीकडे धावली. दोन्ही एकदम जमेना.

मिस्त्री उठला. नाड्यांकडे हात गेले. गाठ बाईंनी बांधली होती; सुटेना.

"बसा बसा, भाऊ, रांग मोठी आहे," बाई म्हणाल्या. त्यांचंही लक्ष खिडकीकडे गेलं होतं. "अरे, कुणीतरी जा रे पलीकडे. त्या एकट्या आहेत."

मंडळातले दोघे निळ्या एप्रनमध्येच धावले. "थांबा काकू, आम्ही आहोत ना!" एकाने दांडी धरली, दुसऱ्याने लाथ घातली. शटर इतकं अलगद खाली आलं, जणू कधी अडकत नव्हतंच. दोघांनी हातांची धूळ झटकली.

बायकोने त्यांना हात जोडले.

"बघा," बाई मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दोनदा सांगावं लागलं का कुणाला?"

रांगेतल्या पुढच्या माणसाने टेबलावर पंखा ठेवला.