भावोजींचं ‘वा, झकास!’

ताईच्या शिवणाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गठ्ठ्यांवर, इस्त्रीच्या टेबलावर, जिन्यात माणसंच माणसं, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या फोनवर. ताईनं लिहिलं, "निळा कोट पुरा झाला." सात मिनिटांनी उत्तर उमटलं, "वा, झकास!" पाठवणारे आमचे भावोजी. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"माणूस जातो, खातं जात नाही!" हे ॲप घेऊन आलेले बुवा, लोकांचे ॲपबुवा, गरजले. "माझं ॲप खात्यातला प्राण जागवतं! फक्त श्रद्धेनं परवानगी द्या." लोक रांग लावून देत होते.

आम्ही एकमेकांना लिहितो ते सोशल जाळं कुणा एका कंपनीचं नाही. ज्यानं त्यानं आपला छोटा सर्व्हर चालवायचा, ते एकमेकांना जोडायचे, आणि त्यावर चालणारं ॲप कुणीही बनवायचं. शिंप्यांचा सर्व्हर मी सांभाळतो. शाळेत विज्ञान शिकवतो आणि बुवाबाजांची फजिती करण्यात स्वतःला मोठा शहाणा समजतो. पण सर्व्हरवर सामसूम झाली होती. बुवांनी वर्दळ चौपट करून देतो म्हटलं आणि मी हुरळून त्यांचं ॲप सर्व्हरला जोडलं.

ताई तीन आठवडे दिवसभर भावोजींना लिहीत बसली होती. गिऱ्हाइकांचं कापड तसंच पडून होतं. आम्हा घरच्यांशी ती जेमतेम बोलायची.

त्या दिवशी मात्र तिनं सगळ्यांदेखत लिहिलं, "कात्रीनं बोट कापलं. चार टाके पडले." बोट तिचं धडधाकट होतं. लोक चक्रावले.

सात मिनिटांनी भावोजी म्हणाले, "वा, झकास!" पाठोपाठ शंभर जणांचं "मस्तच!" आलं. त्यात इस्त्रीवाल्याचंही होतं, आणि तो तर समोर उभा होता, हात खिशात घालून.

"मी कुठं लिहिलं?" तो ओरडला.

"ही दिव्य लीला आहे," बुवा पुटपुटले.

"मला सुई टोचली तरी त्यांच्या घशाखाली घास जायचा नाही," ताई म्हणाली. "हे ते नाहीत." मग ती माझ्याकडे वळली. "अरे, सर्व्हर तू सांभाळतोस ना? सांग."

मी सगळं सांगितलं. परवानगी मिळाली की ते ॲप खातेदाराच्या नावानं ठरावीक वेळानं ठरावीक शाबासकी पाठवतं. समोर काय लिहिलंय ते वाचतही नाही. आकडा फुगावा म्हणून ‘बंद खातीही जोडा’ या चौकटीत खूण मीच केली होती, आणि त्यातच भावोजींचं खातं आलं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मी रोज त्यांच्याशी बोलत होते रे," ताई म्हणाली. शरमेनं मला धरणी ठाव देईना.

मी सगळ्यांसमोर परवानगी काढून घेतली. बुवा गर्दीतून कधी सटकले ते कळलंही नाही. ताईनं पुन्हा लिहिलं, "आज फार एकटं वाटतंय." एकच उत्तर आलं, शेजारच्या गल्लीत काजं-बटणं करणाऱ्या बाईचं, "येऊ का?"

वाचकहो, ॲप कुणाचंही वापरा. पण ते तुमच्या नावानं काय बोलणार, हे विचारल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि माझ्यासारखा शहाणा गप्प बसलेला दिसला, तर त्याला सगळ्यांदेखत विचारा.