एकतीस नंबरची बाटली

"बूच घट्ट लाव, आत्माराम. मागल्या खेपेला एसटीत बाटली पाझरली आणि कंडक्टरनं पार्सलच खाली उतरवलं," हात पुसता पुसता डॉक्टर मणेरीकर म्हणाले.

आत्मारामनं चिमट्यानं तुकडा उचलला. सुपारीएवढा, पिवळा, ओला. तो चिमट्यातून निसटला आणि ट्रेवर चप्पकन पडला. आत्मारामच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं.

ट्रस्टच्या त्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा मदतनीस म्हणून त्याला एकवीस वर्षं झाली होती. रक्त, पू, कापलेला पाय, कशानंही त्याचं जेवण अडलं नव्हतं. पण त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर मणेरीकर महिन्यातून दोनदा मुंबईहून ऑपरेशनं करायला येऊ लागले आणि हे सुरू झालं. जाड माणसांना मधुमेह का होतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. हर्नियासाठी पोट उघडलं की चरबीचा एक तुकडा काढायचा, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकायचा, वर नंबर चिकटवायचा. मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशींची मापं घेतली जात. पेशंटला विचारायची पद्धत नव्हती.

साबणानं तीनतीनदा धुतले तरी बोटांवरचा मेणचटपणा जात नसे. घरी दुधावरची साय दिसली की तो कप बाजूला सारी. थंडीत बाटलीत थिजलेलं खोबरेल दिसलं की तो मान फिरवी. आणि मग हळूहळू तो दमयंतीकडे बघतानाही मान फिरवू लागला.

दमयंती त्याची बायको. खेडकडच्या आतल्या गावातली, लग्नात काडीसारखी. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुटली ती सुटलीच. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात ती रोजंदारीवर जायची, दिवसभर माडांची आळी खणायची, पाण्याच्या बादल्या उचलायची, संध्याकाळी दीड भाकरी खायची. तरी अंग वाढतच होतं. वर्षापूर्वी रक्तात साखर निघाली. आत्माराम जेवायला बसला की तिच्या दंडाखाली लोंबणारं मांस हलताना दिसे आणि त्याला ट्रेवरचा तो तुकडा आठवे. त्यानं अंथरूण पडवीत नेलं. उकडतं म्हणाला. तेव्हा पौष चालू होता.

"माझ्या अंगाला वास येतो काय ओ?" एका सकाळी चहा देताना तिनं विचारलं.

"कायतरीच काय!"

"नाय, इचारलं आपलं," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

फेब्रुवारीत तिच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली. मणेरीकरांनी तपासलं. बेंबीचा हर्निया, ऑपरेशन करावं लागेल. त्यांनी साखर बघितली, तारीख दिली आणि जाताजाता म्हणाले, "आपल्या संशोधनाच्या मापांतही बसतात या."

'हिला सोडा' म्हणायला आत्मारामनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मापं घ्यायला मणेरीकरांबरोबर मुंबईचे दोन तरुण डॉक्टर आले. दमयंती खाटेवर उताणी पडली होती, लुगडं कमरेपर्यंत खाली ओढलेलं, चोळी सोडलेली. एकानं लोखंडी चिमटा काढला, खेकड्याच्या नांगीसारखा. त्या चिमट्यात तो तिच्या पोटाची, दंडाची, पाठीची वळी धरी आणि आकडा सांगे. वहीत आकडे आत्माराम लिहीत होता. नेहमीचंच काम होतं.

"पोट... सर, चिमट्याची पट्टीच संपली!"

दुसरा फिसकन हसला. "मापायला नको, वितळवू या. महिनाभर दिवे लागतील."

मणेरीकर हसले नाहीत. पण त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही.

दमयंती आढ्याकडे बघत होती. "ह्याच्यानं साखर कमी होयल ना, डॉक्टर?" तिनं विचारलं.

चिमटावाल्यानं तिचं कातडं सोडलं आणि बोटं स्वतःच्या कोटाला पुसली. पुसताना त्याचं नाक किंचित मुरडलं. आत्मारामला ते नाक मुरडणं ओळखीचं वाटलं. गेले कित्येक महिने तो तसंच तोंड घेऊन घरी जात होता. त्याला त्या पोराची शिसारी आली, आणि मग स्वतःची इतकी आली की मोरीत जाऊन तो खरोखरच ओकला. परत आला तेव्हा वही तशीच उघडी होती. पुढचा आकडा त्यानं लिहिला.

ऑपरेशन नीट झालं. तुकडा निघाला. बाटलीवर नंबर पडला, एकतीस.

"साहेब, तिला इचारलं नाय आपण," आत्माराम म्हणाला.

"अरे, बादलीत जायची ती चरबी. विचारायचं काय त्यात?"

"तिच्या पोटातली हाय, साहेब."

मणेरीकरांनी हातमोजे काढले. आवाज मऊ केला. "हे बघ, हिच्या खाण्याचा दोष नाही, हेच उद्या यातून सिद्ध होईल. काहींच्या पेशी फुगतातच. चांगलंच काम आहे रे हे."

असेलही. पण ती बाटली त्यानं खोक्यात भरली नाही. चौथ्या दिवशी दुपारी, वॉर्डात निजानीज झाल्यावर, तो ती घेऊन दमयंतीच्या खाटेपाशी गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. तुकडा कशासाठी काढला, कुठे जातो, आधीच्या तिसांचंही असंच झालं. अंथरूण पडवीत का नेलं तेही सांगितलं. सांगताना तो खाटेच्या गजाकडे बघत होता.

तिनं बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली. बराच वेळ निरखून बघितली.

"फणसाचा गरा दिसतो," ती म्हणाली. "ह्याची एवढी किळस?"

तो गजावरचा रंग नखानं खरवडत राहिला.

"इचारलं असतं तर दिला असता मी. आमच्या केंद्रात पण माडांना नंबर असतात. साहेब लोक मापं घेतात, झावळ्या मोजतात. पण माडाला कोण हसत नाय." तिनं बाटली त्याच्या हातात दिली. "आकडे तुम्हीच लिवत होतात ना?"

"होय."

"पाठवा जावा. एसटी चुकंल."

आठव्या दिवशी टाके काढले. आत्मारामनं रिक्षा दारात आणली. तिला चढवायला त्यानं हात पुढे केला. तिनं रिक्षाचा लोखंडी गज धरला, दुसऱ्या हातानं पोट सावरलं आणि एकटीच वर चढली. तो पिशवी घेऊन शेजारी बसला.

तशी ती पार कडेला सरकली. पदर ओढून घेतला, दंड अंगाशी आवळले, मांड्या मिटल्या. आपलं कुठलंच अंग त्याला लागू नये म्हणून होईल तेवढी लहान झाली. भाट्याच्या वाटेवर खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला तिच्या जखमेतून कळ जात असणार, कारण ओठ पांढरे पडत होते. तो म्हणाला, "नीट बस गो, टेक माझ्यावर."

"बरी बसलेय," ती म्हणाली.

दोघांच्या मध्ये वीतभर सीट मोकळी होती. घर येईपर्यंत ती तशीच राहिली.