कोऱ्या बर्फावरची पावलं

बावीस वर्षं मी एकच वाक्य घसा फोडून सांगत आलोय : ट्रायपॉडच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. बर्फ एकदा तुडवला की फोटो गेला. आणि त्या रविवारी सकाळी तो मीच तुडवला.

झालं असं, माझ्या फोटोग्राफीच्या वर्गाला सहा जणांनी नावं दिली होती. उणे अठ्ठावीस ऐकून पाच जण मोटेलच्या अंथरुणातून उठलेच नाहीत. खरं सांगतो, मीही उठलो नसतो. गुडघे बोंबलत होते. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या या सपाट माळावर कधी कुंपण, कधी रस्ता, कधी नांगराची तासं दाखवत 'बघा, ही रेघ नजरेला हाताला धरून आत नेते' हे सांगायचा मला वीट आला होता. पण इंगा थॉर्सन बूट चढवून दाराशी उभी. उद्या सोमवारी तिच्या बापाचं घर पाडणार होते. जमीन विकली गेली होती, नव्या मालकाला तिथं गहू पेरायचा होता. तिला त्या घराचा एक फोटो हवा होता. एकच.

"आल्यापासून काढतेय, मास्तर," गाडीत ती म्हणाली, "पण नुसता खोका दिसतो हो."

"रेघ नसेल बाई. नजर जाणार कुठून?"

घराच्या पुढच्या अंगाला मालकाच्या ट्रकनं चिखल-बर्फाचा काला केला होता. मागं मात्र बर्फ कोरा करकरीत, आणि कुंपण स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालेलं. तिनं तिथं ट्रायपॉड रोवला. ऊन यायला दहा मिनिटं होती. कुंपण मध्येच बर्फात गडप झालंय का, ते बघायला मी कॉफी पीत निघालो. डोळ्यांवर झोप. दाराशी पोचल्यावर मागं वळलो, तर कोऱ्या बर्फात माझीच पावलं.

"अहो मास्तर!" ती किंचाळली. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

"चुकलो बाई! हजारदा चुकलो! कडेकडेनं परत येतो, थांबा."

"तुम्हीच थांबा!" तिनं कॅमेऱ्याला डोळा लावला. भिंग थोडं फिरवलं. मग म्हणाली, "परत मुळीच येऊ नका. आत जा आणि दार लावून घ्या."

"आत कशाला?"

"जा म्हणते ना!"

गेलो. स्वयंपाकघर गारठलेलं, चूलसुद्धा काढून नेलेली. एक मोडकी खुर्ची होती, तिच्यावर टेकलो. असा नुसता बसून किती महिने झाले होते कोण जाणे. खिडकीत ऊन आलं. आपण या बाईचं वाटोळं केलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

अर्ध्या तासानं ती पुढच्या दारानं आत आली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो समोर धरला. कुंपण अर्ध्यातच बुडालेलं. तिथून पुढं माझी पाय ओढत गेलेली वेडीवाकडी पावलं, थेट दारापर्यंत. परतीचं एकही नाही.

"या घरातनं सगळे बाहेरच गेले," ती म्हणाली. "पहिली मी. सतराव्या वर्षी, याच दारानं. बाबा शेवटपर्यंत या खिडकीशी बसायचे. कुणीतरी आत आलेलं मला एकदा बघायचं होतं."

मी उरलेली कॉफी तिला दिली. ती प्यायली, डोळे पुसले. निघताना मी आल्या वाटेनं मागच्या दाराकडे वळलो, तशी तिनं बाही धरून मला ओढलं.

"तिकडून नको, मास्तर," ती म्हणाली. "तिकडून आता कुणी बाहेर पडायचं नाही."